भिंतीत उगवलेला वड-पिंपळ जिवंत कसा काढायचा, कसा जगवायचा आणि कुठे लावायचा (बडोद्याचा अनुभव)

पहिला चांगला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की मी बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत बघून घेते, कारण दरवर्षी तिथे कुठे ना कुठे दोन-चार पानांचं काहीतरी हिरवं उगवलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा वड नाहीतर पिंपळच निघतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, जिथे जिथे चुन्या-विटांची घरं अजून उभी आहेत तिथे सगळ्यांकडे हीच गोष्ट आहे. आणि लोक काय करतात, एकतर खेचून फेकून देतात, नाहीतर ॲसिड ओततात, नाहीतर पिंपळ कसा तोडायचा म्हणून हात जोडून तसाच ठेवतात आणि पाच-सात वर्षांनी भिंत फुगली की मग धावपळ. यातलं काहीच करायची गरज नाही. ते रोप जिवंत काढता येतं, कुंडीत जगवता येतं आणि दोन वर्षांनी जमिनीत लावता येतं. मी आत्तापर्यंत अकरा काढली, त्यातली सात जगली, चार आज जमिनीत आहेत आणि तीन अजून गच्चीवर पिशव्यांत आहेत. जी चार मेली ती का मेली हेही आता कळलंय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी ते तिथे आलं कसं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वडाचं बी राईपेक्षाही बारीक असतं, जेमतेम मिलिमीटरभर. साळुंकी, बुलबुल, कोकीळ, तांबट हे पक्षी फळं खातात आणि मग पाइपावर, कठड्यावर, छज्जावर बसून विष्ठा टाकतात, त्यातून बी भिंतीच्या फटीत पडतं. पक्ष्याच्या पोटातून गेल्यामुळे बियाभोवतीचा गर निघून जातो, नाहीतर त्या गरालाच बुरशी धरते आणि बी कुजतं. इतक्या बारीक बियात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, म्हणजे उगवल्यावर लगेच उजेड मिळाला तरच जगायचं. जंगलात खाली जमिनीवर अंधार असतो म्हणून हा वंशच मुळी उंचावर, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा खडकाच्या भेगेत उगवायला तयार झालेला आहे. बडोद्याच्या आसपास शेतात ताडाच्या झाडावर बसलेला वड बघितला असेल तुम्ही. त्याच्या दृष्टीने तुमची भिंत म्हणजे एक खडक, त्यात ओल आहे, चुना आहे, वर उजेड आहे, अजून काय पाहिजे.

ओल हा शब्द लक्षात ठेवा. पाच वर्षांपूर्वी मी कडियाला बोलावलं होतं (आमच्याकडे गवंड्याला कडियाच म्हणतात) आणि त्याला पिंपळ दाखवला तर तो रोपाकडे बघेचना, वर पाइपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बेन, झाड तो पछी, पहेलां पाणी क्यांथी आवे छे ए जुओ." (ताई, झाडाचं नंतर, आधी पाणी कुठून येतंय ते बघा.) शंभर टक्के बरोबर होतं त्याचं. पाइपाचा सांधा गळत होता. मूळ काही लांबून पाण्याचा वास घेत येत नाही, ते वाढता वाढता जिकडे जास्त ओल लागेल तिकडे वळतं, आणि जिथे सतत ओल आहे तिथेच बी टिकतं. म्हणजे भरउन्हाळ्यात, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीलाही तुमच्या भिंतीतलं रोप हिरवंगार दिसत असेल तर समजा की आत कुठेतरी गळती आहे. रोप काढायच्या आधी ती शोधा, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच फटीत दुसरं येणारच.

वडाची साल पिंपळाला लावू नका

नेमकं काय उगवलंय ते ओळखून घ्या, कारण पुढे जागा निवडताना फरक पडतो. पिंपळाचं पान पातळ, बदामाच्या आकाराचं आणि टोकाला लांब शेपूट, लहानपणापासूनच ती शेपूट दिसायला लागते, आणि देठ लांब असल्यामुळे अगदी मंद वाऱ्यातही पान हलतं. वडाचं पान जाड, लंबगोल, टोक बोथट, शिरा फिकट आणि ठळक, कोवळं असताना हाताला थोडी लव लागते. उंबराचं पान या दोन्हीपेक्षा लांबट आणि निमुळतं. तिघांचीही एक सारखी खूण म्हणजे पान खुडलं की पांढरा चीक येतो, आणि शेंड्याला एक टोकदार टोपी असते, नवीन पान उलगडलं की ती टोपी गळून पडते आणि फांदीवर बांगडीसारखी गोल रेघ राहते. अशा रेघा मोजल्या की किती पानं येऊन गेली ते कळतं. चीक दिसला नाही तर ते दुसरंच काहीतरी आहे.

चिकाबद्दल एवढंच की डोळ्याला हात लावू नका आणि जुने कपडे घाला, डाग जात नाही. हाताला खोबरेल तेल चोळून मग साबण लावला की निघतो. झाडासाठी मात्र तो मलमपट्टी आहे, जखम झाली की बाहेर येऊन घट्ट होतो आणि भोक बंद करतो, पान खाणाऱ्या किड्याचं तोंडही चिकटून जातं.

काढायचं कसं

वेळ म्हणजे आषाढ-श्रावण. तेव्हा चुना भिजून मऊ झालेला असतो आणि हवेत दमटपणा असतो म्हणून रोप सुकत नाही. हिवाळ्यात काढलं तर चालतं पण जगायची शक्यता कमी, आणि एप्रिल-मेमध्ये अजिबात हात लावू नका.

रोप वीतभर उंच आणि खोड पेन्सिलीएवढं असेपर्यंत घरच्या घरी जमतं. अंगठ्याएवढं जाड झालं असेल तर मूळ आत दोन-तीन विटा तरी गेलेलं असतं, तिथे कडियाला बोलवा आणि एखादी वीट काढायची तयारी ठेवा. भिंतीत केसासारखं शिरलेलं मूळ दरवर्षी थोडं थोडं जाड होतं आणि त्या जाड होण्याचाच दाब विटा सरकवतो, म्हणून पहिल्याच पावसाळ्यात काढलेलं सगळ्यात सोपं आणि भिंतीलाही बरं.

आदल्या संध्याकाळी त्या फटीत हळूहळू दोन-तीन तांबे पाणी सोडा. सकाळी लवकर, ऊन यायच्या आधी, एक जुना पातळ स्क्रूड्रायव्हर किंवा छिन्नी, जुना टूथब्रश आणि ओलं सुती फडकं घेऊन बसा. खोडाला धरून ओढायचं नाही, कधीच नाही. मूळ ज्या दिशेला गेलंय त्याच्या बाजूचा चुना खरवडत जायचं, ब्रशने भुगा झाडायचा, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा खरवडायचं. एका रोपाला अर्धा-पाऊण तास लागतो, लागू द्या. मूळ भिंतीत एकदम सरळ कधी जात नाही, विटेला लागलं की वळतं, सांध्याच्या चुन्यातून आडवं पळतं, त्यामुळे तुम्हालाही त्याच्यामागे आडवं जावं लागतं. हात-दीड हात मूळ निघालं तर उत्तम, पण चार-सहा बोटं निघालं आणि त्याला बारीक तंतू असले तरी पुरे आहे. बाहेर आल्या आल्या ओल्या फडक्यात गुंडाळायचं, एक मिनिटही उघडं ठेवायचं नाही.

माझी पहिली चार इथेच गेली. मी छान सांभाळून काढायची, मग भिंत साफ करायची, चहा प्यायचा, आणि मग कुंडीत लावायचं. तेवढ्या वीस मिनिटांत सगळं संपलेलं असायचं, मला मात्र वाटायचं की माती वाईट असेल. पाणी शोषायचं काम जाड मूळ करत नाही, त्याच्या टोकाजवळ डोळ्यांना जेमतेम दिसणारे केस असतात ते करतात, आणि ते उघड्या हवेत काही मिनिटांत सुकतात. वर पानं मात्र पाणी उडवतच असतात. खालून येणं बंद आणि वरून जाणं चालू, म्हणून रोप तिसऱ्या दिवशी मान टाकतं. यावर उपाय दोन, मूळ ओलं ठेवणं आणि पानं कमी करणं. मी आता प्रत्येक मोठं पान कात्रीने आडवं अर्धं कापते, अगदी खालची दोन पूर्ण काढते, शेंड्याला हात लावत नाही. बघायला वाईट दिसतं पण रोपावरचा भार अर्धा होतो.

भिंतीत जे मूळ राहिलं ते पुन्हा फुटू शकतं, म्हणून जेवढं निघेल तेवढं काढा आणि मग फट भरा. चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरू नका, सिमेंट कडक असतं आणि ओल आतच कोंडून ठेवतं, मग बाजूचा चुना सुटतो आणि नवी फट तयार होते. चुना-रेतीनेच भरा. ॲसिड, रॉकेल असलं काही ओतू नका, त्याने चुना खराब होतो आणि खाली अंगणात जे काही असेल तेही जळतं.

आणि ज्यांच्या मनात पिंपळ काढणं म्हणजे पाप अशी धास्ती असते ना, त्यांना मी नेहमी सांगते की आपण मारत नाही आहोत, जागा बदलतोय. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वेळी हळदकुंकू वाहून मगच मला हात लावू दिला होता, पण तेच रोप त्यांनी नंतर स्वतः पाणी घालून वाढवलं.

कुंडीतले पहिले दोन महिने

कुंडी फार मोठी नको, सहा-आठ इंची नर्सरीची काळी पिशवी बरी. माती म्हणजे दोन भाग गोराडू (बडोद्याच्या आसपासची भुसभुशीत माती, नर्सरीत गोराडू म्हटलं की देतात), एक भाग रेती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. काळी माती एकटी वापरू नका, ती पाण्याने चिकट होते आणि वाळली की भेगा पडून बारीक मुळं तोडते. मी त्यात मूठभर विटांचा चुरा टाकते आणि एखाद्या जुन्या वडाखालची मूठभर मातीही आणते, कारण त्या मातीत मुळांना जोडून राहणारी बुरशी असते, ती पाणी-खनिजं लांबून ओढून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. भिंतीतून आलेल्या रोपाला ती सोबत मिळालेली नसते. माती आणण्यासाठी लांब जायला नको, विद्यापीठाच्या आवारात जुने वड आहेत, एक मूठ खूप झाली, तिथे खणत बसू नका.

लावून झाल्यावर भरपूर पाणी, आणि मग पंधरा दिवस पूर्ण सावली. एका पारदर्शक पिशवीला पाच-सहा भोकं पाडून वरून सैल टोपीसारखी घातली तर अजून चांगलं, आत दमट राहतं. पानं पिवळी पडून गळाली तर घाबरू नका, शेंड्याची टोपी हिरवी-लालसर आणि टणक आहे का तेवढं बघा. खोडाला नखाने अगदी किंचित खरवडलं आणि खाली हिरवं दिसलं तर जिवंत आहे. या काळात खत घालायचं नाही, मुळं नसताना खत म्हणजे जखमेवर मीठ.

नवीन पान उलगडलं की समजायचं मूळ धरलं. मग सकाळचं तासभर ऊन, आठवड्याने दोन तास, असं वाढवत न्या. एकदम उन्हात ठेवलं तर करपतं, कारण सावलीत आलेलं पान पातळ आणि पसरट बनतं, उन्हात आलेलं जाड आणि लहान, आणि एकदा बनलेलं पान आपला प्रकार बदलू शकत नाही, नवीन पानंच उन्हाची बनावी लागतात. त्याला दोन-तीन पानांएवढा वेळ द्या.

इथे एक गोष्ट मुलांना घेऊन करून बघा. रोप गच्चीच्या दरवाज्यात ठेवा, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. शेंडा बाहेरच्या बाजूला झुकला की कुंडी बरोबर उलटी फिरवा आणि शेंड्याची जागा भिंतीवर पेन्सिलने खूण करा. दोन-चार दिवसांत तो पुन्हा वळायला लागलेला दिसतो. १८८० साली डार्विन आणि त्याच्या मुलाने गवताच्या कोंबांच्या टोकावर बारीक टोप्या घालून बघितलं होतं, टोक झाकलं की कोंब वळतच नाही. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वळतो खालचा भाग. हा निरोप नेणारं रसायन म्हणजे ऑक्झिन, हे नंतर सापडलं. ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि म्हणून शेंडा उजेडाकडे वाकतो. मुळाचं उलटं, त्याच्या टोकात स्टार्चचे जड कण असतात, ते ज्या बाजूला बसतात ती बाजू खाली असं मुळाला कळतं. आमच्या भाच्याने एका कुंडीला आडवं टाकून ठेवलं होतं (मला न सांगता) आणि आठवड्यात शेंडा काटकोनात वर उभा राहिलेला, तो अजूनही त्या झाडाच्या खोडात वाकडा दिसतो.

आणि हो, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो म्हणून तो बेडरूमच्या खिडकीशी ठेवायचा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. झाड ऑक्सिजन सोडतं तो पाण्याचा रेणू फोडून, आणि त्यासाठी उजेड लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो. पिंपळ लावायला याशिवाय पुष्कळ खरी कारणं आहेत.

दोन वर्षं पिशवीत ठेवायचं, पण त्याच पिशवीत नाही. दर पावसाळ्यात एकदा काढून बघा, मुळं पिशवीच्या कडेने गोल गोल फिरायला लागली असतील तर बोटांनी सोडवा, फारच गुंता असेल तर बाहेरून तीन-चार उभे काप द्या आणि मोठ्या पिशवीत लावा. गोल फिरलेली मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच राहतात आणि पुढे झाड वाऱ्याने आडवं पडतं. काठीला आवळून बांधू नका. वाऱ्याने हललं की खोड जाड होतं, बांधून ठेवलं तर नुसतं उंच आणि लुकडं होतं. सुतळीचा सैल आठचा आकडा पुरे.

कुठे लावायचं, आणि का लावायचं

हा सगळ्यात कठीण भाग, खरं सांगते. रोप जगवणारे पुष्कळ भेटतात आणि मग ते रोप सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात लावून मोकळे होतात. वड-पिंपळ इमारतीपासून निदान चाळीस-पन्नास फूट लांब पाहिजे, पाण्याच्या टाकीपासून, ड्रेनेजपासून लांब, वर विजेच्या तारा नकोत. बंगल्याच्या प्लॉटमध्ये नाही, फुटपाथवर नाही. शाळेचं मैदान, देवळाचं मोकळं आवार, गावाकडचा शेताचा बांध, तलावाचा काठ, या जागा. माझी चार आहेत त्यातली दोन पादरा गावाच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेताच्या कडेला, एक देवळाच्या आवारात आणि एक आमच्या शाळेच्या मैदानाच्या टोकाला. सरकारी किंवा महापालिकेच्या जागेत लावायचं असेल तर आधी परवानगी घ्या, नाहीतर तीन वर्षं वाढवलेलं झाड रस्ता रुंद करताना जातं, माझ्या मैत्रिणीचं तसंच गेलं. आणि विश्वामित्री नदीच्या काठावर लावायचा उत्साह असेल तर वरच्या सपाट भागातच, उतारावर उतरू नका, तिथे मगरी आहेत आणि काठाच्या मातीत त्यांची बिळं आणि अंडी असतात.

एवढी खटपट का, तर वडाएवढं पोटभर खायला घालणारं झाड दुसरं नाही म्हणून. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते खरंच आहे, कारण वड-पिंपळ-उंबराचं ज्याला आपण फळ म्हणतो ती एक बंद पिशवी आहे आणि फुलं आत असतात, शेकड्यांनी. एक अर्धं पिकलेलं वडाचं फळ (आमच्या शेजारच्या बेन त्याला टेटा म्हणतात) ब्लेडने मधोमध कापा आणि भिंगाखाली धरा. आतली भिंत पूर्ण फुलांनी भरलेली दिसेल, आणि नशीब असेल तर त्यात चालणारी एक-दोन मिलिमीटरची काळसर माशी. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी, आणि एकीशिवाय दुसऱ्याचं चालत नाही. वडाच्या माशीचं नाव युप्रिस्टिना. मादी फळाच्या टोकाच्या बारीक भोकातून आत शिरते, भोक इतकं अरुंद की तिचे पंख तुटून बाहेर राहतात. आत फिरून ती फुलांना परागकण देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी पिल्लं होतात, नर आधी, त्यांना पंखच नसतात, ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर जायला भोक पोखरतात आणि आतच संपतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्याकडे एक-दोन दिवसांचं आयुष्य असतं, तेवढ्यात दुसरा वड सापडायला पाहिजे, तोही नेमका कोवळ्या फळांचा.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्रभर त्याचाच विचार करत होते. म्हणजे एक वड लावून भागत नाही, आसपास आणखी पाहिजेत. एका झाडाची फळं सगळी साधारण एकदम येतात पण शेजारचं झाड दुसऱ्याच महिन्यात येतं, आणि त्यामुळेच माशीचं चक्र चालू राहतं. त्याचाच फायदा पक्ष्यांना, कारण आंबा, जांभूळ सगळं एका मोसमात येऊन संपतं तेव्हाही कुठला तरी वड पिकलेला असतो. तांबट, हरोळी, कोकीळ, राखी धनेश, खारी, माकडं, रात्री वटवाघळं (नावातच वट आहे), आणि हिवाळ्यात इकडे येणारे पळसमैनांचे थवे, एका झाडावर सकाळी अर्धा तास उभं राहिलात तर मोजता येणार नाहीत. खाली पडलेली फळं मुंग्या आणि गुरं खातात, वाळलेल्या पानांचं खत होतं, ढोलीत पोपट आणि पिंगळे घर करतात.

आणि आपल्या गावाचं नावच वडावरून आहे. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात हे गाव वडपद्रक म्हणून येतं, अंकोट्टकाला म्हणजे आजच्या अकोट्याला जोडलेलं लहानसं गाव. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी कमाटीबाग उभी केली तेव्हा झाडांसाठी शंभर एकरांच्या वर जागा दिली. आज नवीन वस्त्यांमध्ये दोन-तीन बुटकी शोभेची झाडं आणि लॉन असतं, वड कुठेच नसतो, कारण त्याला जागा लागते, आणि ती आधीच राखून ठेवावी लागते.

खड्डा आणि तीन उन्हाळे

जमिनीत लावायचं तेही आषाढात, दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर. रोप निदान पाच फूट असावं म्हणजे शेळीचं तोंड शेंड्यापर्यंत पोचत नाही. खड्डा अडीच फूट लांब-रुंद-खोल, आणि काळ्या मातीत खणलात तर खड्ड्याच्या भिंती कुदळीने खरवडून खडबडीत करा, नाहीतर त्या कुंडीसारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं आतच फिरतात. नुसतं शेणखत भरू नका, जी माती निघाली तीच परत, त्यात चौथा भाग खत. सगळं चांगलं आतच मिळालं तर मूळ बाहेर जायला बघत नाही. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा, खोड गाडू नका. भोवती काटेरी फांद्या किंवा ट्री-गार्ड, आणि वाळलेल्या पानांचा चार बोटं थर, पण खोडाला चिकटून नाही.

पहिल्या उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी एक बादली, म्हणजे पंधरा-वीस लिटर, संध्याकाळी, हळू. रोज तांब्याभर घालण्यापेक्षा हे चांगलं, कारण वरवर ओल राहिली तर मुळं वरच राहतात आणि मेमध्ये भाजतात. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या आणि आळं खोडापासून फूटभर बाहेर सरकवायचं, तिसऱ्यात पंधरवड्याने एकदा, आळं अजून बाहेर. दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच पाणी ओतू नका, ऊन तापलं की झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं आणि पानं सैल सोडतं, संध्याकाळी परत ताठ झाली तर ठीक आहे. सकाळी सातलाही मलूल असतील तरच तहान लागलीय. हे बघायला कोणीतरी रोज तिथून जाणारं पाहिजे. शाळेत आमचा वॉचमन बघतो, देवळात पुजारीकाकू, शेतात ते लोक स्वतः. पाणी घालणारं माणूस ठरल्याशिवाय मी रोप देत नाही, जवळच्या नात्यातल्यांनाही नाही.

वटपौर्णिमेबद्दल थोडं. ज्येष्ठ पौर्णिमेला आपल्याकडे मराठी-गुजराती दोन्हीकडच्या बायका पूजा करतात आणि बाजारात तोडलेल्या डहाळ्या येतात. त्या कोवळ्या डहाळ्या सहसा लागत नाहीत. पण वादळात पडलेली, अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब फांदी मिळाली तर सगळी पानं काढून तिचा खालचा एक तृतीयांश भाग ओल्या रेतीमातीत खोचून सावलीत ठेवा, वड फांदीपासून लागतो. भिंतीत हात घालायची सोय नसेल त्यांच्यासाठी हा रस्ता.

आणि पुढे काही वर्षांनी पारंब्या सुटायला लागल्या की त्या शोभेसाठी किंवा मुलं लोंबकळतात म्हणून कापू नका. दमट हवेत त्या लवकर वाढतात, उन्हाळ्यात टोकं वाळतात आणि बऱ्याचशा जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. जिथे फांदीला आधार हवा असं वाटतं तिथली एखादी निवडून तिला मदत करता येते. जाड बांबू उभा चिरून त्याचे दोन पन्हळ करा, गाठी फोडून घ्या, आत माती, शेणखत आणि गोणपाटाचे तुकडे भरा, पारंबी मधे ठेवून दोन्ही पन्हळ सुतळीने बांधा आणि खालचं टोक जमिनीत वीतभर गाडा. वरून आठवड्यातून दोनदा पाणी सोडत राहायचं. मूळ जमिनीला लागलं की पारंबी ताणली जाते, आधी हलणारी दोरी होती ती तारेसारखी ताठ लागते, बोटाने टिचकी मारून बघा. बोटाएवढी जाड झाली की सुतळी कापून बांबू काढून टाका.